जुन्या १२१० ला नवं इंजिन आणि ओव्हरड्राइव्हचा बॉक्स : करावं का?

शिळफाट्याचा
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

आमच्याकडे १९८४ चा ट्रक आहे, टाटा १२१० एसई. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी. पारसिकच्या डोंगरातल्या खाणींतून खडी भरायची आणि नवी मुंबईत जिथं बांधकाम चालू असेल तिथं नेऊन ओतायची, हे त्यांनी वीस वर्षं केलं. नेरूळ, बेलापूरवरून जाताना अजून बोट दाखवतात, "ह्या पायात आपली खडी आहे." धंदा बंद केला तेव्हा बाकीच्या दोन गाड्या विकल्या, ही ठेवली. फिटनेस, विमा, पीयूसी सगळं चालू आहे. ओतूरला शेती आहे, तिकडे महिन्याला एक-दोन खेपा होतात. जाताना खत, येताना कांदा.

अडचण अशी की माळशेज चढताना गाडीचा जीव जातो, आणि सपाटीला पंचावन्नच्या वर गेलो की केबिनमध्ये ओरडून बोलावं लागतं. वडील ७२ वर्षांचे आहेत. गाडीतून उतरल्यावर रात्री झोपेपर्यंत तो आवाज कानात राहतो म्हणतात. पण गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नाहीत.

माझ्या डोक्यात आहे ते असं: टाटा १६१३ चं ६९७ टर्बो इंजिन किंवा कमिन्सचं ६बीटी इंजिन चढवायचं, आणि मागे सहा गिअरचा ओव्हरड्राइव्हवाला बॉक्स (म्हणजे सर्वांत वरच्या गिअरात त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं). कळंबोलीला एकाने तयार सेट दाखवलाय. हे कोणी केलंय का? काय काय बदलावं लागतं? आरटीओत काय होतं?

---

ऐरोलीचा_अभि
रविवार, रात्री १०:०५

वाचतोय. फोटो टाका ना गाडीचा, नाकवाली १२१० आता बघायलाच मिळत नाही.

---

पंपनोझल
रविवार, रात्री ११:१२

वागळे इस्टेटला डिझेलच्या पंप-नोझलच्या कामात माझी सत्तावीस वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी आकडे समजून घ्या. टाटाच्या गाडीचं नावच तिची पत्रिका असते. १२१० म्हणजे बारा टनाची, शंभरच्या घरात हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे सोळा टन, १३० हॉर्सपॉवर. इंजिनाचंही तसंच. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ चा बोअर. ४०७ मधलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोअर. ६९२ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२० चा आहे, म्हणून ते ४.८ लिटरच्या जवळ जातं. ६९७ चा स्ट्रोक १२८, ते जवळपास ५.७ लिटर. तुमच्या गाडीत ६९२ असणार. त्याचं मूळ मर्सिडीजच्या ओएम ३१२ मध्ये आहे, त्याचा बोअर ९० आणि स्ट्रोक हाच १२०. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९ होता, तोवर नाकावर तीन टोकांचा तारा यायचा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ६९२ हे मरतुकडं इंजिन नाही. माझ्याकडे "इंजिन दमलंय, बदलायचंय" म्हणून गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा इंजिन दमलेलं नसतं, पंप दमलेला असतो. पंपातले डिझेल दाबणारे एलिमेंट झिजलेले, नोझल थेंब टाकणारं, टायमिंग मागे पडलेलं. गाडी धूर मारते, चढाला ओढत नाही, मालक इंजिनाला शिव्या देतो. आधी नोझल काढून टेस्टिंगच्या बाकावर लावा. फवारा धुक्यासारखा बारीक आणि सारखा पडला पाहिजे. एक जरी भोक पिचकारी मारत असेल तर त्या सिलिंडरचं अर्धं डिझेल धुरात गेलं समजा.

दुसरं, टाकीतली जाळी काढून बघा. चाळीस वर्षांची टाकी आहे.

---

जीपवेडा_कोलशेत
सोमवार, सकाळी ७:५०

ट्रक नाही, पण आमच्या महिंद्राच्या जीपला मी हेच केलंय. जुना चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बीए-१० टाकला. पाचवा ओव्हरड्राइव्ह. घोडबंदर रोडला साठच्या वेगात इंजिन जणू डुलकी घेत असतं. माणसाचा स्वभाव बदलतो हो, मी आता ओव्हरटेकसुद्धा कमी करतो.

तुम्ही इंजिनाला हात न लावता नुसता बॉक्स बदलला तरी वडिलांच्या कानाचं काम होईल असं वाटतं.

---

ऐरोलीचा_अभि
सोमवार, सकाळी ९:१५

एक बाळबोध प्रश्न. बदलायचंच आहे तर एकदम बीएस-६ चं इंजिन का नको? आवाज कमी, धूर नाही, सरकारही खूष.

---

लेथवाला
सोमवार, दुपारी १:३०

अभि, बीएस-६ (१ एप्रिल २०२० नंतरचं) इंजिन म्हणजे नुसतं लोखंड नाही. कॉमन रेल, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सायलेन्सरमध्ये फिल्टर, युरियाची वेगळी टाकी, आणि डझनभर सेन्सर सतत एकमेकांशी बोलतात. एकाला उत्तर मिळालं नाही की इंजिन ताकद कापतं. ते सगळं मुळातल्या गाडीसकट आलं तर चालतं. १२१० च्या चेसिसवर ते इंजिन आणायचं म्हणजे नवी गाडी बांधायची. जुन्या गाडीला पंपाचंच इंजिन.

आता शिळफाट्याच्या प्रश्नाकडे. दुसऱ्या घराण्याचं इंजिन आणि दुसऱ्या घराण्याचा बॉक्स जोडायचा असेल तर मधे प्लेट बनवावी लागते, आणि सगळं मरण त्या प्लेटमध्ये आहे. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी एक गाडी आली. दुसरीकडे कुठेतरी इंजिन चढवलेलं, बॉक्स जुनाच. आठ महिन्यांत बॉक्सची पुढची बेअरिंग तीनदा गेली होती. मालकाने प्रत्येक वेळी महागातली बेअरिंग टाकली, ऑइल बदललं, क्लच बदलला. मी बॉक्स उतरवला तेव्हा इनपुट शाफ्टचं टोक, जे फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं, ते चहूबाजूंनी निळं पडलेलं होतं. म्हणजे शाफ्ट फिरताना कायम दाबला जात होता. फ्लायव्हीलवर डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) बसवला आणि त्याची सुई बेलच्या (इंजिन आणि बॉक्समधल्या घंटेसारख्या आवरणाच्या) भोकाच्या कडेने फिरवली. एका बाजूला गेली की सुई पळायची, समोर आली की परत. बेलचं केंद्र आणि क्रँकचं केंद्र एका जागी नव्हतं. डोळ्याला काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही. पण शाफ्ट मिनिटाला दोन हजार वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीला वाकवला जातो.

प्लेट सोडवली, नवीन कापली, डायल लावून जागेवर आणली, मगच जागा पक्की करणारे डॉवेल ठोकले. गाडी अजून चालते आहे.

म्हणून सांगतो, सेट घ्यायचा तर एकाच गाडीतून उतरलेला घ्या. इंजिन, फ्लायव्हील, बेल, क्लच, बॉक्स, सगळं एकत्र राहिलेलं. आणि प्लेट बनवायचीच झाली तर डायल लावल्याशिवाय कोणालाही बोल्ट आवळू देऊ नका.

---

निसर्गवेडी
सोमवार, दुपारी २:१०

ट्रकमधलं मला काही कळत नाही, पण लेथवाले काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. निळा पडलेला शाफ्ट डोळ्यासमोर आला.

---

तळोजावाली
सोमवार, रात्री ८:४५

मी आणि माझे मिस्टर तळोज्याला अकरा गाड्या चालवतो. मिस्टर गाड्या बघतात, कागद मी बघते. त्यामुळे मी कागदाचंच बोलणार.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे: आरसीतली माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "सगळेच करतात" हे उत्तर तिथं चालत नाही.

आरसीत काय असतं ते बघा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर, सीसी, हॉर्सपॉवर. ६९२ च्या जागी ६९७ टर्बो आलं की नंबर, सीसी आणि हॉर्सपॉवर तिन्ही बदलले. त्याच जातीचं इंजिन खराब झालं म्हणून त्याच जातीचं टाकायचं, तर आरटीओला आधी अर्ज करून, बिल लावून नंबर बदलून घेता येतो. जात बदलली की प्रकरण वेगळं.

आणि शिळफाटादादा, कळंबोलीचा सेट बघितलात तर इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर आधी बघा. ज्या गाडीतून उतरलाय तिची आरसी, ती मोडीत निघाल्याचा कागद आणि बिल, तिन्ही मिळत असेल तरच पुढे बोला. नंबर घासलेला असेल तर तिथून निघून या, चहासुद्धा पिऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली सापडलं तर वडिलांची चाळीस वर्षांची अब्रू जाईल.

विम्याचंही तेच. देव न करो, पण अपघात झाला आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर जुळवून बघितला तर दावा तिथंच अडकतो.

---

ऐरोलीचा_अभि
सोमवार, रात्री ९:०२

ताई, विंटेजमध्ये नोंद होत नाही का? पन्नास वर्षांची झाली की?

---

तळोजावाली
सोमवार, रात्री ९:२०

जुलै २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी चारचाकींसाठी आहे, मालवाहू ट्रकसाठी नाही. शिवाय त्यात गाडी मूळ रूपात लागते. म्हणजे इंजिन बदललेली गाडी तिथंही बाहेरच.

---

मामा_कसारा
मंगळवार, पहाटे ५:३०

मी ड्रायव्हर माणूस. भिवंडी-नाशिक-धुळे लाइनला एकतीस वर्षं काढली. १२१० वर क्लिनर म्हणून लागलो, त्याच गाडीवर स्टेअरिंग हातात आलं.

इंजिनाचं सगळे बोलले, ब्रेकचं कोणीच बोललं नाही. शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाला जो ब्रेक दिलाय तो तेवढ्याच ताकदीच्या गाडीच्या वेगासाठी. तुम्ही १३० चं टर्बो टाकलं की घाट चढताना वेग वाढणार, आणि सवय अशी लागते की उतरतानाही वाढतो. तुमच्या गाडीला हवेच्या बूस्टरवरचा हायड्रॉलिक ब्रेक असेल तर माळशेजच्या उतारावर ड्रम तापला की पाय खाली खाली जायला लागतो. मी तो पाय अनुभवलाय. कसाऱ्याला, पावसात, कांदा भरून. पाय जमिनीला टेकला आणि गाडी चालूच. दुसऱ्यात टाकायला गेलो तर गिअर घेईना, डबल क्लच मारून कसाबसा घेतला, तेव्हा इंजिनाने गाडी धरली. खाली आल्यावर क्लिनर पोरगं उतरून रस्त्याच्या कडेला नुसतं बसून राहिलं.

म्हणून ओव्हरड्राइव्ह लावलात तर एक गोष्ट पाळा. तो सपाटीचा गिअर आहे. घाटाची पाटी दिसली की त्यातून बाहेर. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ओव्हरड्राइव्हमध्ये उतार म्हणजे इंजिन धरतच नाही, न्यूट्रल मारल्यासारखंच.

वडिलांना नमस्कार सांगा. बाहत्तराव्या वर्षी १२१० चं स्टेअरिंग ओढतात म्हणजे मनगट आहे.

---

पंपनोझल
मंगळवार, सकाळी १०:००

मामा +१. आणि ६बीटीबद्दल एक राहिलं होतं. ५.९ लिटरचं, १०२ चा बोअर, १२० चा स्ट्रोक. अमेरिकेत डॉजच्या पिकअपला १९८९ पासून तेच होतं, तिकडे हौशी लोक ते काढून आणखी जुन्या गाड्यांत बसवतात. इंजिन दणकट, टायमिंग सगळं गिअरवर, पट्टा नाही की चेन नाही. पण जुनं घेतलंत तर पुढचं टायमिंग कव्हर उघडून आतली छोटी डॉवेल पिन बघून घ्या. ती सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते, आणि पडली तर कव्हर फोडते. तिच्या तोंडावर एक पत्ती बोल्टने अडकवून टाकायची, विषय संपला.

शिवाय टर्बो चढवला की एअर फिल्टर मोठा, रेडिएटर मोठा, सायलेन्सरचा पाइप मोठा. इंजिनाचं ऑइल चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला आणि जॉइंटला लागतं का ते बघायचं. स्टार्टर १२ चा की २४ चा, ब्रेकचा कंप्रेसर नवीन इंजिनावर आहे का, गव्हर्नर किती आरपीएमला कापतो. एकामागोमाग निघत जातं.

---

गणित_शिक्षक_वाशी
मंगळवार, दुपारी ४:२५

मंडळी, आवाजाचा प्रश्न आकड्यांत मांडून बघू या का? मी शाळेत गणित शिकवतो, वडील बेस्टमध्ये होते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

९.००-२० चा टायर एका फेरीत साधारण ३.१ मीटर जातो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाच्या मिनिटाला सुमारे ३२३ फेऱ्या. क्राऊन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) ६ आणि ४१ दात्यांचं, म्हणजे ६/४१ चं असेल तर प्रमाण ६.८३. टॉप गिअर सरळ एकास एक, म्हणून इंजिन सुमारे २२०० वर. तेच क्राऊन ७/४१ चं असेल तर प्रमाण ५.८६ आणि इंजिन १८९० वर. आणि क्राऊन ६.८३ चं ठेवून वर समजा ०.७८ चा ओव्हरड्राइव्ह लावला तर इंजिन १७२० वर.

म्हणजे आधी मागचं प्रमाण कोणतं ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत आहे. माझं मत, बॉक्सच्या भानगडीत न पडता नुसतं क्राऊन-पिनियन बदला. सरळ टॉपमध्ये ताकद बॉक्समधून आरपार जाते, ओव्हरड्राइव्हमध्ये ती दोन जोड्या गिअर फिरवून जाते, तेवढी घट आणि तेवढी उष्णता.

---

मामा_कसारा
मंगळवार, रात्री ९:५०

सर, गणित बरोबर, पण माळशेज विसरलात. क्राऊन बदललं की टॉपच नाही, पहिला-दुसराही तेवढाच उंच होतो. आज जिथं भरली गाडी दुसऱ्यात चढते तिथं पहिला लावावा लागेल, आणि जिथं पहिल्यात उचलते तिथं क्लच जळेल. त्यांचं पहिलं दुखणं चढाचंच आहे.

---

गणित_शिक्षक_वाशी
मंगळवार, रात्री १०:१०

मान्य. १४ टक्के ओढ कमी होईल प्रत्येक गिअरला. माझा मुद्दा मागे घेतो. खालचे गिअर जसेच्या तसे ठेवून फक्त वर एक पायरी जोडायची असेल तर ओव्हरड्राइव्हच बरोबर.

---

लेथवाला
बुधवार, सकाळी ११:४०

अजून एक. क्राऊन बदललं की स्पीडोमीटरही चुकतो. केबल बॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते. क्राऊन उंच झालं की त्याच वेगाला बॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कमी फिरतो, काटा कमी दाखवतो आणि गाडी प्रत्यक्षात जास्त पळत असते. ओव्हरड्राइव्हमध्ये हे होत नाही.

पण नवीन बॉक्सची लांबी वेगळी असेल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट कापून किंवा वाढवून बॅलन्स करावा लागेल. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो, तेव्हा बॅलन्समध्ये कसर नको.

---

गणित_शिक्षक_वाशी
बुधवार, दुपारी १:०५

लेथवाले दादा, जरा थांबा. शाफ्टचा वेग चाकावर ठरतो. ताशी ६० ला तो २२०० च फिरणार, ओव्हरड्राइव्ह असो वा नसो. हळू झालं ते इंजिन. शाफ्टला त्रास तेव्हाच, जेव्हा आधी कधी पळवली नाही एवढी गाडी पळवाल. ८४ ला नेलीत तर शाफ्ट ३००० च्या वर जाईल.

---

लेथवाला
बुधवार, दुपारी १:३०

बरोबर बोललात सर. चुकलं माझं. बॅलन्स मात्र करून घ्याच, कापलेला शाफ्ट तसाच लावू नका.

---

शिळफाट्याचा
बुधवार, रात्री ११:००

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एवढं कोणी समोर बसूनही सांगितलं नसतं.

कळंबोलीच्या सेटवाल्याकडे आरसी आणि बिल मागितलं. म्हणाला "नंतर देतो". तळोजावाली ताईंचं ऐकून परत आलो.

मागचं प्रमाण कसं मोजायचं? गाडी उघडल्याशिवाय कळेल का?

---

लेथवाला
गुरुवार, सकाळी ८:००

कळेल. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावा. मागची फक्त एक बाजू जॅकवर घ्या, दुसरी जमिनीवर राहू दे. खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालू नका. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटच्या फ्लँजवर खडूची खूण करा. चाक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, एक नाही, दोन, कारण दुसरं चाक थांबलेलं असताना डिफ्रन्शल अर्धंच फिरतं. जॉइंट जितक्या फेऱ्या फिरेल ते तुमचं प्रमाण. सहाच्या थोडं आत थांबला तर ७/४१. पावणेसातच्या जरा पुढे गेला तर ६/४१.

बॉक्स घ्यायला जाल तेव्हाही हेच. टॉपमध्ये टाका, इनपुट शाफ्ट हाताने दहा फेऱ्या फिरवा, मागचा फ्लँज मोजा. दहाच आला तर साधा बॉक्स. साडेबारा-तेराच्या मधे आला तर खरा ओव्हरड्राइव्ह. तोंडी कोणी काहीही सांगो, खडू खोटं बोलत नाही.

---

जीपवेडा_कोलशेत
गुरुवार, सकाळी ९:३०

हे खडूचं मी आजच करून बघतो, जीपचं प्रमाण अकरा वर्षं नुसतं ऐकीव आहे.

---

शिळफाट्याचा
(पाच आठवड्यांनंतर) शनिवार, रात्री १०:१५

धागा वर आणतोय. काय काय झालं ते सांगतो.

मागचं प्रमाण ६.८३ निघालं. चाक मी फिरवत होतो, वडील खाली बसून जॉइंटच्या फेऱ्या मोजत होते. "सहा... आणि हा बघ, पाऊणच्या पुढे."

मग पंपनोझलांचं ऐकलं. टाकी उतरवली. तळाशी बोटभर गाळ, आणि जाळी इतकी बुजलेली की उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसेना. सहापैकी दोन नोझल पिचकारी मारत होते. पंप बाकावर लावून घेतला, टायमिंग बसवलं. काही न बदलता गाडी मुंब्रा बायपासचा चढ रिकामी तिसऱ्याऐवजी चौथ्यात चढायला लागली. इंजिन बदलायचा विचार त्याच दिवशी सोडला. आरसीला धक्का नाही, इंजिन नंबर तोच.

बॉक्स मात्र बदलला. टाटाचाच सहा गिअरचा, बिल आणि मोडीत निघालेल्या गाडीचे कागद घेऊन. खडूने मोजला, दहाला पावणेतेरा. बेल आपल्या इंजिनाला सरळ बसत नव्हती, लेथवाल्या दादांकडेच काम दिलं. दोन दिवस नुसता डायल फिरत होता. इनपुट शाफ्टचे दाते वेगळे म्हणून क्लच प्लेट बदलली, शाफ्ट कापून बॅलन्स केला, बॉक्सचं मागचं फाउंडेशन (आधाराची बैठक) नवीन बनवलं. ब्रेकची चारही चाकं उघडून लायनर, सिलिंडर नवे टाकले, मामांचा कसारा डोक्यातून जात नव्हता.

परवा ओतूरला जाऊन आलो. टोकावड्याच्या अलीकडे सपाटीला वडिलांनी सहावा टाकला. हात दोनदा पाचव्याच्या जागेवर जाऊन परत आला, चाळीस वर्षांची सवय. तिसऱ्यांदा बसला. ताशी ५८ होती. इंजिन एकदम खाली उतरलं आणि मला खिडकीतून येणारा वारा ऐकू आला. वडील काही बोलले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर हळू आवाजात, नेहमीच्या घरच्या आवाजात म्हणाले, "मागचा उजवा पाटा वाजतोय रे. हा कधीपासून वाजतोय?"

घाटाच्या पाटीला त्यांनी मी सांगायच्या आधीच चौथ्यात आणली.

---

मामा_कसारा
रविवार, पहाटे ५:१०

डोळ्यात पाणी आलं राव. पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, मधला बोल्ट बघा, बहुतेक तोच सैल असेल.

---

तळोजावाली
रविवार, सकाळी ९:००

छान झालं दादा. आरसीत गिअरबॉक्सचा नंबर नसतो, तरी पुढच्या फिटनेसला जाल तेव्हा बॉक्सचं बिल आणि वर्कशॉपची पावती फाइलमध्ये ठेवा. विचारलं तर सरळ दाखवायचं.

---

पंपनोझल
रविवार, सकाळी ११:३०

धूर किती आला पीयूसीला?

---

शिळफाट्याचा
रविवार, दुपारी १२:०५

मर्यादा ६५ ची आहे, आधी ६१ यायचा. पंप केल्यावर ३८.

पाट्याचं मामांनी सांगितलं तेच निघालं. बोल्ट तुटायलाच आला होता. आज बदलतोय.